प्रॉस्पेक्टची यादी नक्की लावायची कशी? (डेट्रॉईटच्या रेड विंग्ज या आइस हॉकी टीमच्या निमित्ताने)

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, स्वतः हॉकी खेळतो आणि रेड विंग्जचं जबरदस्त वेड आहे. दर उन्हाळ्यात आम्ही दोघं बसून टीमच्या तरुण प्लेयर्सच्या याद्या वाचतो, पण प्रत्येकाची यादी वेगळी. कोणी गोली (गोलकीपर) वर टाकतं, कोणी डिफेन्समन. ज्युनियरमध्ये ८० पॉईंट करणारा खाली आणि स्वीडनमध्ये २० करणारा वर. यामागे काही लॉजिक आहे की सगळे मनाला येईल तसं ठोकतात?"

लॉजिक आहे. पण ते पॉईंटच्या (म्हणजे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) तक्त्यात सापडत नाही, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. २००१ ला गाड्यांच्या कामासाठी पुण्याहून इकडे आलो, २००२ ला रेड विंग्जने स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तो सीझन ऑफिसातल्या लोकांबरोबर बघितला आणि तिथेच अडकलो. पुढे नाद इतका वाढला की गेले १४ सीझन एका स्काउटिंग सर्व्हिससाठी ओंटारियो आणि मिशिगनमधल्या ज्युनियर मॅचेस बघून रिपोर्ट लिहितोय, नोकरी सांभाळून, शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार. वर्षाला नव्वद-शंभर मॅच प्रत्यक्ष रिंकमध्ये आणि व्हिडिओवर त्याच्या दुप्पट.

आता मुद्दा. यादी लावताना "आज कोण चांगला खेळतोय" हा प्रश्न विचारायचाच नाही. प्रश्न एकच विचारायचा, की या पोराकडून वेळ आणि जागा काढून घेतली तर त्याच्या हातात काय उरतं? एनएचएल, म्हणजे सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, दुसरं काही नाही हो, तीच बर्फाची लादी, तोच पक (रबराची चकती), फक्त विचार करायला मिळणारा वेळ निम्मा आणि समोरचा माणूस तीस वर्षांचा, शंभर किलोचा. ज्युनियरमध्ये ज्या गोष्टी पोराला वेळ मिळाला म्हणून जमतात त्या तिथे गळून पडतात, आणि वेळ नसताना ज्या जमतात तेवढ्याच बरोबर जातात. माझी सगळी यादी या एका प्रश्नावर उभी असते.

तुमचा ८० विरुद्ध २० चा प्रश्न यातूनच सुटतो. २०२० चा ड्राफ्ट घ्या, म्हणजे एनएचएलच्या टीम तरुण पोरांना पाळीपाळीने निवडतात तो. अलेक्सी लाफ्रेनिएर, क्युबेकची ज्युनियर लीग, ५२ मॅचमध्ये ११२ पॉईंट, पहिला नंबर. त्याच वर्षी लुकास रेमंड स्वीडनच्या फ्रोलुंडाकडून मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला, ३३ मॅचमध्ये फक्त १० पॉईंट, आणि आपल्या रेड विंग्जने त्याला चौथ्या नंबरवर घेतला. ११२ आणि १०! नुसता कागद बघणारा म्हणेल हे काय चाललंय. पण लाफ्रेनिएर पोरांमध्ये खेळत होता, टीमचा राजा होता, पॉवर प्लेवर, म्हणजे पेनल्टीमुळे समोर एक माणूस कमी असताना, पूर्ण वेळ तोच. रेमंड सतरा वर्षांचा, मॅचला दहाएक मिनिटं मिळायची, चौथ्या लाईनवर (फॉरवर्डच्या तिघातिघांच्या गटांतला शेवटचा), समोर बापाच्या वयाचे डिफेन्समन. त्या दहा मिनिटांत तो काय करत होता ते बघायचं होतं. पक येण्याआधी मान वळायची, पहिल्याच टचला पक योग्य जागी जायचा, आणि अंगावर आलेल्या माणसाला टाळून आतल्या बाजूला यायची हिंमत होती. २०२४-२५ मध्ये रेमंडचे ८० पॉईंट झाले. लाफ्रेनिएर वाईट प्लेयर नाही, चांगला आहे, पण २०२४-२५ पर्यंतचा त्याचा सर्वात चांगला सीझन २०२३-२४ चा, ५७ पॉईंटचा.

मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. शाळेच्या मॅचमध्ये पाटा विकेटवर दीडशे मारणारा आणि कांगा लीगमध्ये भर पावसात, चिखलात, गुडघाभर गवतात ४० काढणारा, यात जुने सिलेक्टर कोणाकडे बघायचे? तसंच आहे.

आकडे अगदी टाकून द्या असं नाही म्हणत. प्रत्येक लीगचे पॉईंट एनएचएलच्या मापात आणायचे गुणक आहेत, बरेच लोक ते वापरतात, मीही वापरतो. मॉडेल बदललं की गुणक बदलतो, पण ढोबळ मानाने अमेरिकन हॉकी लीगचा (एनएचएलच्या एक पायरी खालची) एक पॉईंट म्हणजे एनएचएलचा ०.४ च्या आसपास, ओंटारियो ज्युनियरचा ०.३ च्या जवळपास, स्वीडनच्या मोठ्या लीगचा त्याहून बराच जास्त. याचा उपयोग कशाला, तर माझा डोळा आणि आकडा यांचं भांडण कुठे होतंय ते शोधायला. मला एखादा पोरगा फार आवडलाय आणि आकडा म्हणतोय काही नाही, तर मी परत जाऊन तीन मॅच बघतो, कारण दोघांपैकी एक जण चुकतोय आणि बऱ्याचदा तो मीच असतो.

दुसरी गोष्ट वय, आणि हे लोक फारच हलक्यात घेतात. ड्राफ्टची कटऑफ १५ सप्टेंबर. त्या तारखेपर्यंत १८ पूर्ण झाले तर त्या वर्षी नाव येतं, नाहीतर पुढच्या वर्षी. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा, दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, म्हणून मधलं वर्ष तो स्वित्झर्लंडला झुरिकच्या टीमकडून मोठ्यांमध्ये खेळला आणि २०१६ ला पहिला गेला. म्हणजे एकाच ड्राफ्टमधली दोन पोरं वयाने जवळजवळ वर्षाने वेगळी असू शकतात आणि सतराव्या-अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं अंतर ते घरात दोन पोरं असतील त्यांना माहितीये. त्यामुळे मी पॉईंटच्या शेजारी वय वर्षांत नाही, महिन्यांत लिहितो. एकोणीस पूर्ण झालेला पोरगा ज्युनियरमध्ये ९० करतो तेव्हा मी फार हुरळून जात नाही, तो आता वर्गातला सगळ्यात मोठा मुलगा आहे.

आता बघायचं काय, हे जरा जवळून सांगतो कारण खरं काम इथे आहे.

नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरच्या रिंकमध्ये मी नेहमी वरच्या ओळीत, कोपऱ्यात, गोलच्या मागच्या बाजूला बसतो. मधली सीट पैसे देऊन घेतात लोक पण तिथून पकच दिसतो, खेळ दिसत नाही. एका शनिवारी पाहुण्या टीमचा एक सतरा वर्षांचा डिफेन्समन बघायला गेलो होतो, नाव देत नाही, पोरगा अजून वाटेवर आहे. विंडसरने पक आत कोपऱ्यात टाकला आणि दोन फॉरवर्ड त्याच्यामागे सुटले. पोरगा मागे वळला, पकपर्यंत जायला पाच-सहा स्ट्राईड. दुसऱ्या स्ट्राईडला उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. चौथ्याला डाव्या खांद्यावरून. पकाजवळ पोचला तेव्हा पहिला फॉरवर्ड दोन हातांवर होता. पोराने खांदा डावीकडे टाकला, फॉरवर्डचं वजन तिकडे गेलं, आणि पकाला हातच लावला नाही, बोर्डाच्या कडेने स्वतःच्या पायाजवळून पुढे जाऊ दिला, आतल्या एजवर गर्रकन फिरला आणि आठ फुटांवर उभ्या सेंटरला सपाट पास दिला. संपलं. चार सेकंद. टाळी कोणी वाजवली नाही, स्कोअरशीटवर काही आलं नाही, पण विंडसरचे तीन जण चुकीच्या बाजूला अडकले होते आणि पाहुण्यांची टीम समोर तीनास दोन निघाली. मी वहीत एक उभी रेघ मारली, मान वळवून मागे बघितलं याची खूण.

त्याच मॅचमध्ये दुसरा एक डिफेन्समन, सहा फूट चार इंच, सीझनला पन्नासच्या वर पॉईंट, सगळ्या याद्यांत नाव. तसाच पक कोपऱ्यात आला. तो सरळ पकावर गेला, एकदाही मागे बघितलं नाही, माणूस अंगावर येतोय हे काचेत सावली दिसल्यावर कळलं आणि पक काचेवरून भिरकावला, तो ब्लू लाईनवर समोरच्याच्या हातात. तेही मी लिहिलं. त्या दिवशी बारा वेळा तो पक आणायला मागे गेला, दहा वेळा हेच. पॉवर प्लेवर मात्र वरून जोरदार शॉट मारून गोल केला आणि लोक उभे राहिले. माझ्या यादीत पहिला पोरगा दुसऱ्याच्या बराच वर गेला. एनएचएलमध्ये त्या उंच पोराला पॉवर प्ले कोण देणार? तिथे आधीच कोणीतरी मकार किंवा ह्यूजसारखा नावाजलेला डिफेन्समन उभा असतो. मग उरतं काय तर मागे जाऊन पक आणणं, आणि तेच त्याला येत नाही.

फॉरवर्डचं बघताना मी अजून एक गोष्ट मोजतो, पक हातातून गेल्यानंतरचे पहिले दोन सेकंद. काही पोरं मान वर करून रेफरीकडे बघतात. काही गोल चक्कर मारून आरामात परत फिरतात. आणि काही त्याच पावलावर थांबून, बर्फ उडवून, उलटे सुटतात. जी तिसऱ्या प्रकारची असतात त्यांना कोच तिसऱ्या-चौथ्या लाईनवर तरी ठेवून घेतोच, म्हणजे त्यांना शिकायला वेळ मिळतो.

स्केटिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. स्केटिंग कच्चं म्हणून मी आता कोणाला फार खाली टाकत नाही, कारण ते सुधारतं. ब्रेडन पॉईंट बघा, २०१४ ला ७९ वा गेला, लहानखुरा आणि स्केटिंग साधारण अशी त्याची ओळख होती. टॅम्पाने त्याच्याकडून स्केटिंगवर वर्षानुवर्षं मेहनत करून घेतली, पोराने केली, पुढे दोन कप आणि एका सीझनला ५१ गोल. उंची बदलत नाही, खेळ वाचायची अक्कल क्वचित बदलते, पण पाय बदलतात. त्यावेळी टॅम्पाचा जीएम, म्हणजे टीम बांधणारा जनरल मॅनेजर, स्टीव्ह आयझरमन होता, २०१९ पासून जो आपल्या डेट्रॉईटला आहे, म्हणून इथल्या ड्राफ्टमध्ये त्याला काय आवडतं ते समजायला ती जुनी निवड फार उपयोगी पडते.

आता माझी एक मोठी चूक सांगतो, कारण त्यातून मी यादी लावायची पद्धतच बदलली. २०२१ चा ड्राफ्ट. त्या वर्षी ओंटारियो ज्युनियर लीगचा पूर्ण सीझन करोनामुळे रद्द झाला आणि डेट्रॉईट-विंडसर बॉर्डर आमच्यासारख्यांना बंद. नदीच्या या काठावरून विंडसरचे दिवे दिसायचे पण जाता येत नव्हतं. तिकडे वायट जॉन्स्टन नावाचा एक सेंटर होता, आदल्या सीझनला सोळा वर्षांचा असताना त्याने तीसेक पॉईंट केले होते, आणि मग पूर्ण वर्ष घरी. टेक्सासला झालेल्या अंडर-१८ वर्ल्ड्समध्ये तेवढा खेळला. मी त्याला आधी स्वतः बघितलेला, वहीत रेघा चांगल्या होत्या, पक गेल्यावर उलटा सुटणारा पोरगा अशी नोंदही होती, तरी "पुरावा कमी" म्हणून मी त्याला तिसऱ्या राऊंडच्या मापात टाकला. रेड विंग्जने त्या ड्राफ्टमध्ये आपला २३ वा, ४८ वा आणि एक पाचव्या राऊंडचा नंबर डॅलसला देऊन १५ वा नंबर घेतला आणि गोली सेबास्टियन कोसाला उचलला. डॅलसने त्या २३ व्या नंबरवर जॉन्स्टनला घेतला. पुढच्याच सीझनला त्याने विंडसरकडून १२४ पॉईंट मारले, लीगचा सर्वोत्तम प्लेयर ठरला, त्याच्या पुढच्या वर्षी थेट एनएचएलमध्ये २४ गोल, आणि नंतरचे दोन सीझन तीसच्या वर. माझ्या घरापासून पाऊण तासावर खेळणारा पोरगा होता हो तो. पुरावा कमी असणं आणि पुरावा वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा नीट कळलं. आता ज्याचं बघणं कमी झालंय त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकतो, नंबर खाली नेत नाही.

कोसा आणि गोलींचं. तुम्ही विचारलंय कोणी गोली वर का टाकतं. गोलीची अडचण अशी की त्याला पिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. पुढे अव्वल ठरलेले गोली बघा, कॉनर हेलबक १३० वा, इगोर शेस्टरकिन ११८ वा, हेनरिक लुंडक्विस्ट २०५ वा, बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही. आणि उलट वासिलेव्स्की १९ वा गेला आणि अगदी अपेक्षेप्रमाणे झाला. कोसा पहिल्या व्यावसायिक सीझनचा बराचसा भाग टोलेडोला, म्हणजे दोन पायऱ्या खाली खेळला, तेव्हा इथे लोकांनी त्याला फुकट गेलेला म्हणून मोकळं केलं. नंतर ग्रँड रॅपिड्सला, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खालच्या टीमकडे, स्थिरावला आणि डिसेंबर २०२४ ला बफेलोमध्ये मॅचच्या मधेच एनएचएलमध्ये उतरून शूटआऊटमध्ये जिंकवूनही दिलं. बाविसाव्या वर्षी. गोलीला बावीस म्हणजे अजून कैरीच. त्यामुळे मी गोली यादीत सहसा थोडा खाली ठेवतो, तो वाईट म्हणून नाही, माझं ज्ञान तिथे पातळ आहे म्हणून. दुसरा कोणी जो आयुष्यभर गोलीच बघत आलाय त्याने वर ठेवला तर त्याचं बरोबर असू शकतं. याद्या वेगळ्या असण्याचं हे एक प्रामाणिक कारण आहे.

कैरीवरून आठवलं. जुन्या रेड विंग्जची, आधीचा जीएम केन हॉलंडच्या काळातली, पोरांना ग्रँड रॅपिड्सला जास्तीच पिकवून मग वर आणायची पद्धत प्रसिद्ध होती. आपल्याकडे अढी लावतात ना, तसंच. गुस्ताव न्यूक्विस्ट, तोमाश तातार ही मंडळी खालच्या लीगमध्ये पूर्ण मुरली, २०१३ ला ग्रँड रॅपिड्सने काल्डर कप, म्हणजे त्या खालच्या लीगचं विजेतेपद, जिंकला, प्लेऑफमधला सर्वोत्तम प्लेयर तातार, आणि मग वर येऊन दोघं लगेच कामाला लागले. आंबा वरून पिवळा दिसला म्हणून काढला तर देठाशी आंबटच निघतो. आत्ताच्या पोरांमध्ये मार्को कॅस्पर बघा, २०२२ चा आठवा. ग्रँड रॅपिड्सच्या पहिल्या सीझनला आकडे बेताचेच होते, तेव्हा बऱ्याच याद्यांत तो घसरला. मी तेव्हा त्याच्या चारपाच मॅच बघितल्या आणि मला तो अजिबात घसरलेला दिसला नाही, पक गोलसमोर नेत होता, मार खाऊन उभा राहत होता, फक्त शॉट आत जात नव्हते. पुढच्या सीझनला डेट्रॉईटकडून १९ गोल. सिमॉन एडविन्सनचंही तेच, २०२१ ला सहावा, पण पूर्ण वेळ एनएचएलचा व्हायला २०२४-२५ उजाडलं. डिफेन्समनला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंत वेळ द्यावाच लागतो. मोरित्झ साइडर हा अपवाद, २०१९ ला आयझरमनने त्याला सहाव्या नंबरवर घेतला तेव्हा हॉलमध्ये सगळे चकित, खुद्द पोराचं तोंड उघडं राहिलेलं कॅमेऱ्यात आलंय, जर्मन लीगमध्ये २९ मॅचमध्ये ६ पॉईंट होते त्याचे. २०२२ ला काल्डर ट्रॉफी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा. पण तोही मधली दोन वर्षं ग्रँड रॅपिड्स आणि स्वीडनला रोग्लेकडे काढून आला होता, हे लोक विसरतात.

आपल्याकडे म्हणतात बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. हॉकीत मला ते खरं वाटत नाही, निदान पाळणा कुठल्या घरातला आहे ते बघितल्याशिवाय तरी नाही. फिलिप झादिना २०१८ ला हॅलिफॅक्सकडून ५७ मॅचमध्ये ४४ गोल करून आला, बहुतेक याद्यांत पहिल्या चार-पाचात, माझ्याही. सहाव्या नंबरपर्यंत तो शिल्लक राहिला म्हणून इथे लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. शॉट खरंच सुंदर होता. पण तो शॉट मारायला त्याला एक सेकंद हवा असायचा, ज्युनियरमध्ये मिळायचा, इथे मिळाला नाही, आणि शॉटशिवाय दुसरा दरवाजा त्याच्याकडे नव्हता. २०२३ ला तो टीममधून बाहेर पडला. सातव्या नंबरवर क्विन ह्यूज गेला होता, जो त्या सीझनला इथेच, ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीकडून खेळत होता. तो पुढे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनपैकी एक झाला, हे सगळ्यांना माहितीये. तेव्हापासून रिपोर्टमध्ये मी प्रत्येक पोराच्या नावाखाली "दरवाजे" असा एक रकाना ठेवलाय, म्हणजे हा कुठकुठल्या मार्गांनी एनएचएलमध्ये शिरू शकतो. पहिल्या लाईनचा नाही झाला तर तिसऱ्या लाईनचा होईल का? पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असताना बचाव करता येतो का? फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना टाकलेला पक, जिंकता येतो का? एकच दरवाजा असेल तर पोरगा कितीही चमकदार असो, एक पायरी खाली.

आता प्रत्यक्ष यादी. एक ते वीस नंबर लावणं हे मी सगळ्यात शेवटी करतो आणि त्याला फार किंमत देत नाही. आधी गट पाडतो. २०२५ च्या उन्हाळ्यातला माझा रेड विंग्जचा कागद सांगतो. सगळ्यात वर एकटा ॲक्सेल सँडिन-पेलिक्का, २०२३ चा १७ वा, स्केलेफ्टेओकडून स्वीडनच्या मोठ्या लीगमध्ये खेळून आलेला आणि २०२५ च्या वर्ल्ड ज्युनियर्समध्ये (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) सर्वोत्तम डिफेन्समन. उंचीने बेताचा, पण मागे जाऊन पक आणताना त्याच्या रेघा बघायच्या, माझी वही भरते. त्याच्या खाली एक मोठा गट, मिखाएल ब्रांडसेग-न्यूगोर्ड, नेट डॅनियलसन, कोसा, आणि मिशिगन स्टेटचा गोली ट्रे ऑगस्टिन. या चौघांमध्ये कोण दुसरा कोण पाचवा यावर लोक भांडतात, मला ते फुकटचं वाटतं, त्यांच्यातलं अंतर माझ्या चुकीपेक्षा लहान आहे. ऑगस्टिनला मी कोसाच्या बरोबरीने धरतो, दोन वर्ल्ड ज्युनियर गोल्ड त्याच्या नावावर आहेत आणि गोलमध्ये तो कमालीचा शांत असतो. डॅनियलसनला दरवाजे तीन-चार आहेत म्हणून तो माझ्याकडे इतरांपेक्षा वर असतो, त्याचा एखादा हायलाईट व्हिडिओ बघून कोणाला काही वाटणार नाही. कार्टर बेअर, २०२५ चा १३ वा, ज्युनियरमध्ये एव्हरेटला ४० गोल केलेला, त्याला मी प्रश्नचिन्हासकट त्याच गटाच्या काठावर ठेवला कारण मार्चमध्ये टाचेची शीर दुखावली होती आणि तो परत कसा स्केट करतो ते बघितल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि त्याच कागदावर खाली, "माहिती नाही" या गटात, एमिट फिनी. २०२३ चा २०१ वा, सातवा राऊंड, कॅमलूप्सचा. पश्चिमेकडच्या लीगच्या मॅचेस मी फक्त व्हिडिओवर बघतो, त्याच्या दोन बघितल्या होत्या, नोंद होती "पाय थांबत नाहीत." ऑक्टोबर २०२५ ला तो ट्रेनिंग कॅम्पमधून थेट टीममध्ये आला आणि कॅप्टन लार्किन आणि रेमंडच्या लाईनवर खेळायला लागला. मी चुकलो म्हणू की म्हणू नको मला कळत नाही, पण माझ्या त्या तीन शब्दांवर मी अजून चार मॅच बघायला हव्या होत्या हे नक्की. या टीमने तर हे आयुष्यभर केलंय, उशिरा निवडलेली पोरं मोठी केलीयेत. लिडस्ट्रॉम ५३ वा, फेडोरोव्ह ७४ वा, कॉन्स्टँटिनोव्ह २२१ वा, तिघं एकाच १९८९ च्या ड्राफ्टमध्ये. दात्स्युक १७१ वा, झेटरबर्ग २१० वा. दात्स्युकला आधीच्या ड्राफ्ट्समध्ये एकाही टीमने हात लावला नव्हता, हाकान अँडरसन नावाच्या स्काउटने रशियात जाऊन स्वतःच्या डोळ्याने बघितला म्हणून १९९८ ला नाव आलं.

म्हणून ड्राफ्टचा नंबर मी दोन वर्षांनंतर कागदावरून खोडून टाकतो. पहिलं वर्ष तो नंबर कामाचा असतो, कारण तीसेक टीमच्या लोकांनी शेकडो मॅच बघून काढलेलं ते मत आहे, माझ्या एकट्याच्या मतापेक्षा भारीच. पण नंतर पोरगा काय झालाय ते बघायचं, तो कितवा गेला होता ते नाही. आणि मत बदलताना सावकाश बदलायचं. एका वर्ल्ड ज्युनियर्समधल्या सात मॅचवरून कोणाला दहा नंबर वर नेऊ नका, तिथे सगळं जग बघत असतं म्हणून त्या सात मॅच आपल्या डोक्यात सत्तर मॅचएवढ्या होतात. मी वर्षातून दोनदाच यादी हलवतो, जानेवारीच्या शेवटी आणि जूनमध्ये.

तुमच्या मुलासाठी एक सुचवतो. टीव्हीवरची एनएचएल मॅच यासाठी उपयोगाची नाही, कॅमेरा पकामागे फिरतो. त्याला विंडसरला नाहीतर फ्लिंट, सॅगिनॉला घेऊन जा, तिकीट स्वस्त असतं, गोलच्या मागे कोपऱ्यात वर बसा. पहिल्या पिरियडमध्ये काहीच लिहू नका, नुसतं बघा. दुसऱ्यात त्याला म्हणावं एकच डिफेन्समन निवड, पक कुठेही असू दे, डोळे त्याच्यावरच ठेव, आणि तो पक आणायला मागे गेला की मान वळवली का नाही एवढंच लिही, वळवली तर उभी रेघ, नाही तर आडवी. तिसऱ्यात समोरच्या टीमचा एक घे. घरी येताना गाडीत दोघांच्या रेघा मोजा आणि मग त्यांचे पॉईंट बघा, आधी नाही. पहिल्या दोन-तीन मॅचला त्याचा डोळा पकाकडे पळेल, तेरा वर्षांच्या पोराचाच काय माझाही अजून पळतो, पण चौथ्या-पाचव्या मॅचला बसायला लागतो. वही साधी शंभर पानी चालते. पेन्सिल न्या, रिंकमधल्या थंडीत बॉलपेन ऐनवेळी उमटत नाही.